नगराचे कर्ज आणि शासनाची देखरेख

प्रस्तावना

नळाचे पाणी, गटारे, रस्ते या सोयी तुम्ही रोज वापरता. त्या उभारण्यासाठी नगरपालिकेला अनेकदा कर्ज काढावे लागते. परंतु ते तिला केवळ स्वतःच्या मर्जीने काढता येत नाही. असे का, याचा विचार या पाठात रायपूर शहराच्या उदाहरणावरून केला आहे.

पाठ

रायपूर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. पुढे इंग्रजी अमलात, १८६७ साली, तेथे नगरपालिका स्थापन झाली. १८९२ साली खारून नदीचे पाणी शहराला पुरवणारी योजना सुरू झाली. राजनांदगावचे राजे बलराम दास यांनी तिला आर्थिक साहाय्य दिले. त्यांचेच नाव तिला मिळाले. परंतु प्रत्येक शहराला असा दाता लाभत नाही. पाणीयोजनेचा खर्च एका वर्षाच्या करातून भागत नाही. शिवाय जी योजना अनेक दशके उपयोगी पडणार, तिचा सारा भार एकाच पिढीने का सोसावा? म्हणून अशा कामासाठी कर्ज काढणे न्याय्य ठरते.

मात्र धोकाही येथेच आहे. कर्जाचा ठराव करणारे सभासद काही वर्षांत पायउतार होतात. हप्ते पुढच्या रहिवाशांना भरावे लागतात. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या ठरावाविषयी कोणी विचारलेले नसते. त्याच्या वतीने हिशेब पाहणारा कोणीतरी हवा.

ही गरज कायद्याने पूर्वीच ओळखली होती. १८७९ च्या आणि त्यानंतर १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाने कर्जाची कारणे ठरवून दिली : कायद्याने सोपवलेली बांधकामे, दुष्काळ निवारण, साथीच्या रोगांना प्रतिबंध आणि रीतसर घेतलेल्या जुन्या कर्जाची फेड ही १९१४ च्या अधिनियमातील प्रमुख कारणे होत. कर्जापूर्वी चौकशी, कामाची तपासणी आणि हिशेब यांसाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. परतफेड चुकल्यास तारण ठेवलेला निधी जप्त करता येत असे.

१९६७ साली रायपूरला महानगरपालिका झाली आणि २००० साली ते छत्तीसगडची राजधानी बनले. शहर वाढले, गरजाही वाढल्या. तरी कर्जासाठी राज्य शासनाच्या मंजुरीचे तत्त्व टिकून राहिले. राज्येही या बंधनातून मुक्त नाहीत. केंद्राचे कर्ज फेडायचे बाकी असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते.

तथापि, देखरेख म्हणजे अडवणूक नव्हे. मंजुरीची फाईल वर्षानुवर्षे पडून राहिली, तर कामाचा खर्च वाढतो आणि लोक पाण्यावाचून राहतात. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांना स्वराज्य संस्थांचा घटनात्मक दर्जा दिला. तो कागदावरच राहता कामा नये. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ साली राज्याच्या हमीवाचून १०० कोटी रुपयांचे रोखे विकले. पुण्याने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपये रोख्यांतून उभे केले. रोखे घेणारा गुंतवणूकदारही महानगरपालिकेचा हिशेब बारकाईने पाहतो.

तरीही शासन आणि गुंतवणूकदार यांची नजर अपुरीच. कर्ज कशासाठी घेतले आणि ते कोणत्या उत्पन्नातून फिटणार, हे विचारणारा जागरूक नागरिक हाच खरा पहारेकरी होय.

स्वाध्याय

१. पाणीयोजनेसाठी कर्ज काढणे न्याय्य का ठरते?
२. १९१४ च्या अधिनियमात कर्जाची कोणती कारणे सांगितली होती?
३. ‘देखरेख म्हणजे अडवणूक नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.