नदी आणि घराचे मोल

कृष्णेच्या काठी सांगली शहर वसले आहे. काठची माती काळी व कसदार, पाणी मुबलक आणि हळदीची पेठ देशभर प्रसिद्ध. नदीच्या आधारानेच हे वैभव वाढले. परंतु हीच कृष्णामाई पावसाळ्यात कधी कधी रौद्र रूप धारण करते. शहरात १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. तेथे पाण्याची उंची मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर चढले आणि शहराचा मोठा भाग जलमय झाला.

पूर काही दिवसांत ओसरतो. पण त्याची खूण जशी भिंतीवर राहते, तशी ती घराच्या किमतीवरही राहते. एकाच नदीकाठच्या शहरात दोन सारखी घरे आहेत, अशी कल्पना करावी. विटा त्याच, खोल्या तितक्याच. मात्र एक घर उंचवट्यावर, तर दुसरे सखल भागात. दुसऱ्याचे मोल कमी का? कारण ते घेणारा पुढच्या पुरांचा खर्चही घेत असतो. चिखल उपसणे, डागडुजी करणे, भिजलेले धान्य टाकणे, बुडालेली मजुरी सोसणे, हे सारे मनात धरूनच तो भाव कमी करून मागतो.

घर हे कित्येक कुटुंबांचे एकमेव धन असते. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी ते तारण ठेवून बँकेतून कर्ज काढतात. तारणाचे मोल घटले की कर्जही कमी मिळते. मग दुकान वाढत नाही आणि दुकानातील नोकराचे कामही जाते. पुराची झळ दूरवरही पोहोचते. २०१९ साली कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेला. मालमोटारी जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई-पुण्यास दुधाची टंचाई भासली.

माणसाची स्मृती मात्र अल्प असते. काही वर्षे पूर आला नाही, की भिंतीवरील खूण रंगाखाली झाकली जाते व भाव पुन्हा चढतात. नवखा माणूस फसतो. गरिबाला तर धोका ठाऊक असूनही स्वस्त घरावाचून गत्यंतर नसते. याकरिताच जलसंपदा विभाग नकाशावर पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत सामान्यतः नवी घरे बांधण्यास मनाई असते. दोन्ही रेषांच्या मध्ये अटी पाळून बांधता येते. पण ही केवळ सरासरी होय. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांतच पाहिले.

घर घेताना लोक खोल्या मोजतात, भाव विचारतात. त्याआधी पूररेषेचा नकाशा पाहिला पाहिजे. आणि ज्यांना निवड करण्याची ऐपत नाही, त्यांना उंचावर जागा मिळवून देणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.