मोटारीचे नाक बिघडले आहे काय?

एक मोटार रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाली आहे अशी कल्पना करा. मालकाने हौसेने तिला रुंद धूरनळी बसवून घेतली आहे. पण त्यानंतर पेट्रोल जास्त लागू लागले, आणि आंबा घाट चढताना इंजिन अडखळू लागले. पुढ्यातला इशाऱ्याचा दिवाही लागला. तपासणी-यंत्र सांगते, ‘ऑक्सिजन संवेदक : मिश्रण विरळ.’ मग संवेदक बदलून टाकायचा काय? थांबा! आधी तो काय काम करतो ते पाहू.

१ किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हे प्रमाण नेमके राहिले तरच धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र आपले काम नीट करते. म्हणून धूरनळीत एक ‘नाक’ बसवलेले असते. १९७६ पासून मोटारींत आलेले हे नाक म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची टोपणासारखी लहान नळी. तिच्या बाहेरून धूर जातो, आत स्वच्छ हवा असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक जास्त, तितका विद्युत्दाब जास्त. हे नाते वॉल्टर नेर्न्स्ट या शास्त्रज्ञाच्या सूत्राने मिळते. त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

धुरात ऑक्सिजन उरला, म्हणजे मिश्रण विरळ असले, तर दाब सुमारे ०.१ व्होल्ट, पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट. निरोगी संवेदकाचा काटा या दोहोंमध्ये सारखा वरखाली होतो. (काही नव्या मोटारींतील संवेदक वेगळ्या जातीचे असतात, त्यांना हे आकडे लागू नाहीत.)

आपल्या मोटारीत काटा ०.१ वरच अडकला आहे. याची तीन कारणे संभवतात :

१. मिश्रण खरोखरच विरळ आहे.
२. संवेदकाच्या अलीकडे धूरनळीला फट आहे. धूर धक्क्याधक्क्याने वाहतो. दोन धक्क्यांच्या मधे नळीतील दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत शिरते.
३. संवेदक मेला आहे.

आता क्रमाने निवड करू. प्रथम स्पार्क प्लग काढून पहा. पहिले कारण खरे असेल तर त्यांवर काजळी नसेल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कारणात इंजिनाचा संगणक फसतो, उगीच जास्त पेट्रोल सोडतो आणि प्लग काळे होतात. प्लग काळे निघाले तर थंड इंजिन सुरू करून नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गुन्हेगार सापडला! नवी नळी नीट न बसल्याने किंवा कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत गंजल्याने अशी फट पडू शकते. तारेचा जोडही पहा, तोही गंजतो.

फट नसेल तर शेवटची कसोटी. मेकॅनिक इंजिनात जाणाऱ्या हवेत थोडा ज्वलनशील वायू सोडतो. काटा झटकन ०.९ कडे गेला तर संवेदक जिवंत आहे. रेंगाळत गेला तर तो थकला आहे. हललाच नाही आणि तारही ठीक असेल तर तो बदलावा. या कसोट्या जाणकार माणसाच्या देखत, उघड्या जागीच करावयाच्या. बंद खोलीत चालू इंजिन जीवघेणे ठरते.

निदान न करता भाग बदलला तर पैसे जातात, दोष तसाच राहतो आणि जादा पेट्रोलाने महागडे उत्प्रेरक पात्रही खराब होते. खबर वाईट आली म्हणून खबर आणणाराच खोटा ठरत नाही.

आता तुम्ही विचार करा. एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर न जळलेले पेट्रोल धूरनळीत येईल. मग संवेदक मिश्रण विरळ म्हणेल की दाट? उत्तर देण्यापूर्वी एवढेच आठवा : हे नाक पेट्रोल हुंगते की ऑक्सिजन?