भैरवीचा 'सा' आणि स्पॅनिश गिटार

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे गिटार आली, पण सारेगम राहून गेलं. मागच्या नाताळात ते नडलं. नगरला आमच्या मंडळीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन भैरवीत म्हणतात. तालमीत मी शाळेतल्या सवयीने सी, एफ, जी हे कॉर्ड धरले. पेटीवरच्या आजी थांबल्या. म्हणाल्या, "अगं बाळा, तुझ्या वाजवण्यात भजन घरी येतच नाही!"

मला राग आला, कारण माझ्या कॉर्डमधला एकही स्वर चुकीचा नव्हता.

टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे बरीच वर्षं नगरला राहिले. तेव्हा उपासनेत विलायती चालींवरची भाषांतरित गीतं बरीच म्हटली जात. टिळकांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची गीतं लिहिली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. म्हणजे मी नकळत त्यांचं काम उलटं फिरवत होते!

वाट सापडली ती स्पेनमध्ये. तिथे ७११ ते १४९२ या काळात कमी-अधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. या लोकांना युरोपात 'मूर' म्हणत. त्यांच्या ऊद या वाद्यापासून युरोपचं ल्यूट झालं. तेराव्या शतकात राजा दहाव्या अल्फोन्सोने करवून घेतलेल्या, मरियेच्या स्तुतिगीतांच्या पोथीत एक मूर आणि एक ख्रिस्ती वादक शेजारी बसून वाजवतानाचं चित्र आहे. गिटारच्या चालींत मूरांचं नेमकं किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण स्पॅनिश गिटारची ओळख असलेली एक चाल अशी : ए मायनर, जी, एफ आणि शेवटी ई. एफवरून ई म्हणजे कोमल 'रे'वरून 'सा'. भैरवीही अशीच घरी येते. भैरवी तिकडून आली असं नाही, फक्त घराची वाट सारखी आहे.

आता गिटार हातात घ्या. ई हा 'सा' माना. सहाव्या तारेपासून मोकळ्या तारा छेडा : सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा. सगळे भैरवीचेच स्वर! माझी चूक इथेच होती. सी मेजर आणि ही भैरवी यांचे सात स्वर तेच, पण सी-एफ-जी वाजवलं की कान सीला घर समजतो. म्हणून वरची स्पॅनिश चाल घ्या. मात्र शेवटच्या ई मेजरमध्ये शुद्ध 'ग' घुसतो, तो टाळा. फक्त सहावी तार मोकळी आणि पाचवीवर दुसरा फ्रेट. म्हणजे नुसते सा आणि प, तंबोऱ्यासारखे.

पुढच्या रविवारी मी तसंच वाजवलं. आजी काही बोलल्या नाहीत. पण या वेळी पेटी थांबली नाही.