पातळ फिल्मने जाड नळी कशी चेपली? (रोल गुंडाळण्यातलं ताणाचं गणित)



कार्यानुभवाच्या तासाला पेनस्टँड करायचे म्हणून मी पाचवीच्या मुलांना पुठ्ठ्याच्या नळ्या आणायला सांगितल्या होत्या. एकाचे बाबा एमआयडीसीत स्लिटिंग मशीनवर ऑपरेटर आहेत. त्याने चार जाडजूड नळ्या आणल्या, पण दोन आत चेपलेल्या. "कशाने चेपल्या रे?" "फिल्मने, बाई. नळी शाफ्टवर बसेना म्हणून रोल परत आले. बाबांना साहेब खूप बोलले."

वेफर्सच्या पुडीची असते तसली फिल्म एवढा पुठ्ठा चेपते, हे वर्गाला पटेना. खरं सांगायचं तर मलाही लगेच पटलं नाही. मग शाळा सुटल्यावर त्याच्या बाबांनाच गाठलं.

स्लिटिंग मशीनवर एका बाजूला मोठा रोल उलगडतो, मध्ये पाती त्याच्या उभ्या पट्ट्या कापतात आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक पट्टी वेगळ्या नळीवर गुंडाळली जाते. फिल्म 20 मायक्रॉनची, म्हणजे 0.02 मिमी. नळीचा बाहेरचा व्यास 10 सेमी आणि भरलेल्या रोलचा 60 सेमी धरला, तर एका बाजूला 25 सेमी थर चढतो. 250 भागिले 0.02, म्हणजे 12,500 वेढे! प्रत्येक वेढा आतल्या वेढ्यांना थोडं थोडं आवळतो. एकट्याचं बळ किरकोळ, पण सगळे मिळून नळीवर बसतात.

मग सैल गुंडाळा की! तेही चालत नाही. सैल रोल उचलला की थर कडेने सरकतात, दुर्बिणीसारखा रोल बाहेर येतो. पतंगाच्या फिरकीवर आत सैल आणि वर घट्ट दोरा गुंडाळून बघा, वरचा दोरा आत रुततो. रोलचंही तसंच. म्हणून आत घट्ट आणि बाहेर जाताना हळूहळू सैल, असा ताण ठेवतात. याला टेपर म्हणतात.

आता खरी मेख. रहाटाचं लाकूड जितकं जाड, तितकी त्याच हाताच्या जोराने दोराला बसणारी ओढ कमी. ताण म्हणजे पिळाचं बळ भागिले त्रिज्या. मोटरचं बळ तेवढंच ठेवलं, तर त्रिज्या 5 सेमीवरून 30 सेमी होताना ताण सहापट घटतो. 100 न्यूटनचा जेमतेम 17 उरतो. म्हणून रोल वाढेल तसं मोटरचं बळ वाढवावंच लागतं. सुरुवातीला 100 न्यूटन ताणाला 5 न्यूटन-मीटर पुरतं. शेवटी 100 च ठेवायचा तर 30 लागतं, आणि 30 टक्के टेपर देऊन 70 वर आणायचा तर 21. म्हणजे ताण कमी करत जायचं, तरी बळ चौपटीच्या वर न्यायचं! हे हाताने सांभाळणं अवघड, म्हणून बऱ्याच मशीनवर लोड सेल किंवा वरखाली डुलणारा डान्सर रोलर ताणाची खबर देत राहतो.

त्या दिवशी झालं असं, की आधीचे रोल सैल निघाले होते. म्हणून ताण वाढवा असं वरून सांगितलं गेलं. यांनी वाढवला. पण टेपर शून्यावर होता, तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तोच वाढीव ताण शेवटच्या वेढ्यापर्यंत राहिला.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं. 12,500 चा भागाकार करायला मी त्यालाच उभं केलं. उत्तर लिहून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे बाई, बाबांनी ताण चुकीचा नव्हता लावला. नंतर कमी करायचा राहिला." पेनस्टँडसाठी त्याने चेपलेलीच नळी घेतली.

वहीत सोडवा: उलगडणाऱ्या बाजूला उलटं होतं, तिथे रोल लहान होत जातो. त्याचा व्यास 80 सेमीवरून 20 सेमी झाला आणि ब्रेक होता तसाच ठेवला, तर फिल्मवरचा ताण किती पट होईल?