नाव टाकून ठेवलेली बीएस्सी

"बीएस्सीला नाव टाकून ठेव, मेडिकलचा अभ्यास चालू राहू दे." बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत हेच ठरतं. आमच्याकडे ते 2015 साली ठरलं. मामांनी सुचवलं, बाबांनी मान डोलावली आणि मी नांदेडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन प्रवेश घेतला. दप्तरात पुस्तकं मात्र क्लासचीच राहिली.

या सल्ल्यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. पण त्यानं पोरांचं काय नुकसान होतं हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. मेडिकलला नंबर न लागणं हे ते नुकसान नव्हे. 2024 साली देशभरातून 23 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खासगी मिळून 1 लाख 10 हजारांच्या आसपास होत्या. वीस जणांमागे एकाला जागा मिळणार आणि एकोणीस राहणार, हे गणित पाचवीतलं पोरगंही करेल. नुकसान त्या एकोणीस जणांच्या पुढच्या तीन वर्षांत होतं. त्या वर्षांत मूल ना धड मेडिकलच्या तयारीत असतं, ना धड पदवीत.

माझी ती वर्षं कशी गेली ते सांगते. सकाळी प्रॅक्टिकलला तोंड दाखवायचं, हजेरी लागली की भाग्यनगरातली अभ्यासिका गाठायची. जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी स्लाइड ओळखायला शिकायचं. मार्क चांगले पडायचे, कारण थिअरी पाठच होती. त्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानं नीट परत आली, मग केंद्राच्या अध्यादेशानं त्या वर्षापुरती राज्याची सीईटी राहिली आणि 2017 पासून नीट पक्की झाली. असं काही बदललं की घरच्यांना नवी उमेद यायची: आता पद्धत बदलली, आणखी एकदा बघू. आई माझ्या अकरावी-बारावीत लातूरला उद्योग भवनाजवळ खोली करून राहिली होती. तिथल्या क्लासच्या रस्त्यावर फोटो आणि मार्कांचे फ्लेक्स आहेत, त्यांच्याखालून ती रोज भाजी आणायची. तिची उमेद मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि असं धाडस अठरा वर्षांच्या लेकराकडून मागूही नये.

2018 ला पदवी हातात आली तेव्हा ओळखीतल्या एकानं परदेशातल्या एमबीबीएसचा एजंट घरी आणला. बाबांनी दोन एकर काढायची तयारी केली होती. ती जमीन विकली गेली नाही याचं श्रेय आईला. तिनं एजंटाला एवढंच विचारलं, "तिकडून शिकून आली की लगेच दवाखाना टाकता येतो का?" त्याला सरळ उत्तर देता आलं नाही.

आज हाच प्रश्न तुमच्या घरी निघाला तर उत्तर लेखी नियमांत आहे. 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, तोही इंग्रजी माध्यमातून. तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात आल्यावर पुन्हा 12 महिन्यांची. शिवाय इथली परवान्याची परीक्षा, जिच्यात बसलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच कमी उत्तीर्ण होतात. नीटची पात्रता तर जायच्या आधीच लागते. 2022 साली युद्ध पेटल्यावर युक्रेनमधून हजारो मुलं ऑपरेशन गंगातून परत आली, त्यांचं शिक्षण अर्ध्यावर लटकलं. परदेशात शिकून उत्तम डॉक्टर झालेले लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सातबारा गहाण टाकण्याआधी हे सगळे आकडे कागदावर एकाखाली एक लिहा आणि घरच्यांसमोर ठेवा.

मग मी विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला गेले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच आहे. त्यामुळे गावाकडच्या लग्नात कुणी विचारलं, "काय करायलीस बाई?" आणि मी विष्णुपुरी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हंजे डॉक्टरच की!" या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून लातूर पॅटर्न पुढे आला, त्याचे संस्थापक प्राचार्यही तेच. लातूरच्या वर्गातून निघालेल्या पोरांना नांदेडला विज्ञानात पुढे शिकता यावं अशी सोय आपल्याच भागात 1994 पासून उभी आहे. तिच्याकडे आम्ही हरलेल्यांची जागा म्हणून बघतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्याच आठवड्यात पदवीतला पोकळपणा उघडा पडला. हातात मायक्रोपिपेट दिली. तिच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत. मी ओढतानाच तळापर्यंत दाबलं, जास्तीचा द्रव टिपमध्ये आला आणि पुढचं सगळं मोजमाप चुकलं. शेजारी परभणीहून आलेली मुलगी होती. तिनं काही न बोलता माझा अंगठा धरून दोन्ही टप्पे दाखवले. तिला आमच्यापेक्षा मार्क कमी होते, पण हात तयार होता. पुढे मुलाखतींत तिलाच आधी बोलावणं आलं. प्रयोगशाळेतल्या नोकरीत पहिले प्रश्न हातानं काय केलंस याचेच असतात: ऑटोक्लेव्ह लावलंस का, माध्यम बनवलंस का, कल्चर किती दिवस टिकवलंस.

म्हणून पदवीला असणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: नीट आणखी द्यायची असेल तर जरूर द्या, पण शेवटचं वर्ष कोणतं ते घरच्यांसमोर आधी ठरवा आणि त्या वर्षी बीएस्सीत अडकू नका. बीएस्सी घेतली की प्रॅक्टिकल एकही बुडवू नका. दोन्ही एकदम चालतं असं सांगणारे तुमच्या जागी बसलेले नसतात.

घरच्यांच्या दबावाबद्दल मात्र मला वेगळं दिसलं. आमच्या घरी कुणाला डॉक्टर सोडून जीवशास्त्राचं दुसरं काम कधी दिसलंच नव्हतं. आजोबांनी कित्येक वर्षं नांदेड-44 कापूस लावला. तो वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रात तयार झाला आणि तो करणारे जीवशास्त्रच शिकलेले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या रानातलं एमएयूएस-71 सोयाबीन परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. न दिसणाऱ्या कामावर आईबाप भरवसा कसा ठेवतील?

आमच्या घरी ते दिसलं 2020 च्या जूनमध्ये. टाळेबंदीमुळे मी गावी होते. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि सोयाबीन भिजलं होतं. भिजलेल्या दाण्याची उगवण पडते, हे मी शिकले होते. बाबांकडे थोडं घरचं बियाणं होतं आणि एक विकतची पिशवी. मी दोन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून घेतले. निवडून नाही, पोत्यात खोलवर हात घालून, वरचे-खालचे मिसळून. गोणपाट धुऊन ओलं केलं, दहा-दहाच्या ओळी मांडल्या, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. आठवडाभरानं उलगडलं तेव्हा घरच्या दाण्यांना पांढरे, सरळ, जाड मोड होते. पिशवीतले बरेच दाणे फुगून बुळबुळीत झाले होते, काहींना मोड आले पण वाकडे, मूळ काळं पडलेलं. असे मोड उगवणीत धरायचे नसतात. प्रमाण किमान 70 टक्क्यांचं आहे, पिशवी त्याच्या बरीच खाली होती. बाबांनी एकेक मोड स्वतः मोजला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. त्यांना ते बघायचं होतं.

पिशवी त्यांनी परत केली, घरचं बियाणं पेरलं. त्या वर्षी मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली, कित्येकांवर दुबार पेरणी आली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमच्या शेजारच्या काकांनी पुढच्या मे महिन्यात रुमालात बांधून दाणे आणले: "बघ की जरा, पेरू का नको?" बाबा लगेच बदलले असं मी म्हणणार नाही. धाकट्या भावाला नीटच्या क्लासला त्यांनी घातलंच. पण माझ्यापुरता विषय संपला.

पुढे मी जालन्याला एका बियाणे कंपनीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत लागले. जालना हे बियाण्यांचं गाव. तिथल्या बद्रीनारायण बारवाले यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पहिला पगार बाबांच्या अपेक्षेच्या निम्मा होता, हे लपवत नाही. या क्षेत्रात पैसा हळूहळू वाढतो आणि कामावरच वाढतो. घरी आधीच तसं सांगून ठेवा.

आता इतर वाटांबद्दल, मी बघितल्या त्या.

सरकारी पदं हवी असतील तर जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा, आणि ती पदवीचे विषय निवडण्याआधी वाचा. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्राची पदवी चालते. वनस्पती-प्राणिशास्त्राची साधी बीएस्सी त्या यादीत नाही. माझ्या वर्गातल्या हुशार मुलाला हे अर्ज भरताना कळलं. भारतीय वनसेवेला मात्र वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र चालतं. न्यायसहायक विज्ञानाची प्रादेशिक प्रयोगशाळा नांदेडमध्येच आहे, तिथेही जीवशास्त्राचा विभाग असतो. जाहिराती उशिरा निघतात, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर बसू नका.

पॅथॉलॉजी लॅबची वाट नांदेडला डॉक्टर लेनच्या जोरावर पटकन रोजगार देते. पण डीएमएलटीच्या नावानं गल्लीबोळांत वर्ग निघाले आहेत. पॅरामेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का, नोंदणी मिळेल का, हे फी भरण्याआधी तपासा. पावती न देणाऱ्या ठिकाणी पायरी चढू नका.

प्राध्यापकीबद्दल कटू आहे ते सांगते. नेट किंवा सेट हवीच, पण ती झाल्यावरही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी माणसं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपूर आहेत. कायम जागेसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तेवढ्या पैशांत प्रयोगशाळा टाकता येते. शिकवण्याची खरी ओढ असेल तरच या वाटेला या, आणि हाताशी दुसरं कौशल्य ठेवा.

संशोधनाची ओढ असेल तर सीएसआयआर-नेटची जीवशास्त्राची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून करा. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, वर घरभाडं. हा आकडा घरी सांगितला की चर्चेचा सूर बदलतो, हे मी मैत्रिणींच्या घरी पाहिलंय. नीटसाठी पाठ केलेलं एनसीईआरटी इथे वाया जात नाही, पेशी आणि आनुवंशिकीचा पाया तोच. बाहेरच्या एमएस्सीसाठी जॅम आणि जीएटी-बी या परीक्षा आहेत. जीएटी-बीतून मिळणाऱ्या काही अभ्यासक्रमांना विद्यावेतनही असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला किंवा राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राला प्रकल्पासाठी सरळ ईमेल करा. आघारकर तर 1946 पासून काम करते आणि आपल्या सोयाबीनचे एमएसीएस वाण तिथलेच. मराठवाड्यातून आलो म्हणून कुणी कमी लेखलं तर तो त्यांचा प्रश्न. ईमेलमध्ये हातानं काय काय केलंय ते नीट लिहा.

मुलींसाठी एक वेगळं. "डॉक्टर नाही तर मग लग्न" अशी मुदत आपल्याकडे पोरीलाच लागते, भावाला लागत नाही. एमएस्सीला प्रवेश घेतानाच नोकरी लागेपर्यंतची दोन-तीन वर्षं मागून घ्या, आणि घरात जिचं ऐकलं जातं अशा आत्या, मावशी किंवा आजीसमोर मागा. माझ्यासाठी हे काम आईनं केलं. सगळ्यांना अशी आई मिळत नाही. मग एखाद्या बाईंना, मॅडमना घरी चहाला बोलवा. शिक्षिकेचा शब्द आपल्या घरांत अजून चालतो.

आणि जमलं तर आईबाबांना एकदा प्रयोगशाळा दाखवा. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, बऱ्याच महाविद्यालयांत प्रदर्शन असतं, तेव्हा कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ज्या टेबलावर तुम्ही काम करता तिथेच उभं करा, सूक्ष्मदर्शकातून बघायला लावा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज पदवीच्या निकालाच्या आसपास निघतात आणि जॅमचे त्याच्याही कितीतरी आधी, आदल्या वर्षी. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधीच घरी बोलणी उरका.