मातीचा रंग मोजताना

सिव्हिलला आल्यावर घरचे आपल्याला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कॅम्पसला नोकरी लागेल ना?" आणि दुसरा, "आपल्या प्लॉटची माती कशी आहे, बघून सांग." मामाने मला दुसरा विचारला. कल्याणजवळ एका जुन्या भातखाचराच्या जागेवर तो घर बांधणार होता आणि पुढच्याच आठवड्यात पायाचं खोदकाम सुरू होणार होतं.

तेव्हा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट नेमका मातीवरच होता, वर्णपटीय परावर्तन मोजून मातीचं वर्गीकरण. नाव जड असलं तरी कल्पना सोपी आहे. मातीवर पडलेला काही प्रकाश शोषला जातो आणि काही परत येतो. किती परत येतो हे प्रत्येक तरंगलांबीला वेगळं असतं. त्याचा आलेख काढला की मातीचा वक्र मिळतो. १९८१ मध्ये अमेरिकेत स्टोनर आणि बॉमगार्डनर यांनी मातीच्या अशा वक्रांचे पाच प्रकार पाडले आणि त्यासाठी मुख्यतः सेंद्रिय पदार्थ व लोह यांचा परिणाम पाहिला.

वक्र वाचायचा कसा? लोहाची ऑक्साइडं निळा-हिरवा प्रकाश शोषतात म्हणून माती तांबडी दिसते. त्यांचा आणखी एक खळगा ९०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. सेंद्रिय पदार्थ वाढला की दृश्य भागात वक्र खाली येतो. १४०० आणि १९०० ला पाण्याचे खळगे दिसतात आणि २२०० च्या जवळ चिकणमातीच्या खनिजांचा. केओलिनाइटला तिथे जोडखळगा असतो, तर फुगणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइटला एकच. म्हणजे वक्र किती उंच आहे यापेक्षा तो कुठे वाकतो हे जास्त बोलकं असतं.

खरा स्पेक्ट्रोरेडिओमीटर ३५० ते २५०० नॅनोमीटर मोजतो, पण त्याची किंमत ऐकूनच आम्ही गप्प बसलो. लॅमिंग्टन रोडवरून निळा, हिरवा, पिवळा, लाल आणि दोन इन्फ्रारेड असे सहा एलईडी आणले, एक फोटोडायोड घेतला आणि आतून काळा रंगवलेला डबा केला. पांढरा संदर्भ म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिसची चकती ठेवली. मातीचं वाचन आणि चकतीचं वाचन या दोन्हींतून अंधारातलं वाचन वजा करायचं आणि भागाकार करायचा, की झालं परावर्तन. सिलिकॉनचा फोटोडायोड साधारण ११०० च्या पुढे आंधळा असतो, त्यामुळे २२०० चा खळगा आमच्या आवाक्याबाहेर होता. हे तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

नमुने तीन घेतले. घोडबंदर रोडलगतच्या टेकडीची तांबडी माती, डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीचा चिखल आणि मामाच्या प्लॉटवरची माती. लोकल पकडून, पिशवी मांडीवर घेऊन आलो आणि चिखल तसाच डब्यात ठेवला. वाचन सगळ्यात खाली गेलं. आम्ही वहीत लिहून टाकलं, "सेंद्रिय पदार्थ सर्वांत जास्त." सरांनी पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही माती मोजलीत की पाणी?" ओल्या मातीचा अख्खा वक्रच खाली जातो. मग नमुने सावलीत वाळवले, कुटले आणि २ मिमीच्या चाळणीतून गाळले. तो काळाकुट्ट चिखल वाळल्यावर चक्क राखाडी झाला आणि वक्र बराच वर सरकला.

मामाच्या मातीचा वक्र मात्र छान आला. निळ्यात खाली, लालमध्ये वर, अगदी टेकडीच्या मातीसारखा. मी लगेच फोन केला, "मामा, मुरमाड तांबडी माती आहे, काळजी नको." तोही खूश झाला. सरांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "नमुना किती खोलीवरून घेतला?"

मी वरवरची माती खरवडून आणली होती! प्रकाश मातीत मिलिमीटरच्या अंशापुरताच शिरतो. जे वर आहे तेच तो सांगतो. रविवारी कुदळ घेऊन गेलो. दोन फुटांखाली तांबडा रंग संपला आणि काळी, चिकट माती लागली. वरचा मुरूम भरावाचा होता, खाली मूळचं भातखाचर तसंच होतं.

वाळवल्यावर त्या मातीचा वक्र खाली आणि जवळजवळ सपाट आला. पण काळी म्हणजे सेंद्रिय, असंही नाही. दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमीच असतो. ती फुगते का, हे आमचा डबा सांगू शकत नव्हता. म्हणून साधी मुक्त फुगवण चाचणी केली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात टाकली आणि तेवढीच दुसऱ्यात केरोसिनमध्ये. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाहिलं तर पाण्यातली माती चांगलीच वर आली होती. अशी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे देते.

मामाला परत फोन करणं जिवावर आलं होतं. "मामा, मी चुकीचं सांगितलं. काम थांबव आणि आधी रीतसर माती परीक्षण करून घे." तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं झालं बाबा, पाया भरायच्या आत सांगितलंस." खोदकाम पुढे ढकललं आणि परीक्षणानंतर पायाचं डिझाइन बदललं.

मग वर्णपट निरुपयोगी का? मुळीच नाही. शंभर नमुन्यांतून एकसारखे कुठले आणि वेगळे कुठले, हे तो पटकन दाखवतो. उपग्रहही हेच तत्त्व वापरतात. फक्त आपल्याकडे जमीन उघडी सापडते ती मार्च ते मे, नंतर भात उगवतो. पण त्याच्या उत्तरापुढे खोली आणि ओलावा लिहिलेला नसेल तर ते उत्तर अर्धवट. आमच्या वहीत आता प्रत्येक वाचनाशेजारी हे दोन रकाने आहेत. तुम्ही प्रोजेक्ट कराल तेव्हा डब्याच्या आधी कुदळ घ्या!