‘जड आहे, कुठं जातंय?’

अरे, मिनी ट्रॅक्टर घेतलास ते चांगलंच केलंस. पाच बाय पाच फुटांच्या केळीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, आणि बैलजोडी सांभाळायला आता गडी मिळत नाही. पण ट्रॅक्टर एक आणि शेतं तीन गावांत, म्हणजे तो स्वतःच्या चाकांवर जेवढा फिरेल तेवढाच दुसऱ्याच्या गाडीत बसून फिरणार. आज डोंगर कठोऱ्याला, उद्या किनगावला, परवा दुरुस्तीसाठी भुसावळला. चालवायला तुला कुणीही शिकवेल, बांधायला सहसा कोणी शिकवत नाही. ते माझ्याकडून ऐकून घे.

गाडी भरताना आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, ‘जड आहे, कुठं जातंय?’ हे वाक्य कानावर आलं की गाडी सोडू नकोस. जड वस्तू हलायला वेळ लावते, पण एकदा निघाली की थांबायलाही तेवढाच वेळ लावते. ब्रेक लागतो तो पिकअपच्या चाकांना, हौद्यातल्या ट्रॅक्टरचा वेग तसाच असतो. युरोप-अमेरिकेत माल बांधण्याचे जे नियम आहेत ते असं धरून चालतात की करकचून ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के रेटा पुढे येतो, आणि वळणावर ५० टक्के बाजूला. तुझा ट्रॅक्टर ८०० किलोचा धर. म्हणजे ६४० किलोचा रेटा केबिनच्या मागच्या पत्र्यावर, आणि त्या पत्र्याला पाठ लावून ड्रायव्हर बसलेला. बांधायचं ते त्या एका ब्रेकसाठी. बाकीचा सगळा रस्ता ट्रॅक्टर न बांधताही नीट गेल्यासारखा वाटेल, आणि म्हणूनच माणसं फसतात.

आधी गाडी ठरव. भाडं कमी म्हणून छोटा हत्ती बोलावू नकोस. त्याची वजन वाहायची ताकद साडेसातशे किलोच्या आसपास, आणि हौदा जेमतेम सात फूट. मिनी ट्रॅक्टर त्यात बसला तरी फाळका लागत नाही. बोलेरो पिकअपसारखी सव्वा-दीड टनाची गाडी घे. रोटाव्हेटर जोडलेला ठेवून चढवायचा नाही. तो काढ, वेगळा ठेव, वेगळा बांध. माल हौद्याबाहेर डोकावला तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आहे, आणि माल उतरवायचा खर्चही आपल्याच डोक्यावर. त्या पैशात चांगले पट्टे कितीतरी येतील.

हौदा स्वतः चढून बघ. आपल्या भागातल्या गाड्या केळी वाहतात. तळाला पानं, केळीचा चीक, ओली पेंढी चिकटलेली असते. त्यावर ट्रॅक्टरचं टायर साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. झाडून घे, चीक खरवडून काढ, आणि चाकांखाली जुनं रबर किंवा कोरडं बारदान अंथर. कोरड्या रबराची पकड निम्मं काम करते, उरलेलं पट्टे करतात.

चढवायला बांध किंवा मालधक्का मिळाला तर उत्तम. नसला तर फळ्या लावाव्या लागतात. हौदा तीन फूट उंच असेल तर फळी निदान नऊ फुटांची हवी. आखूड फळीने चढ उभा होतो, आणि उभ्या चढावर ट्रॅक्टर नाक वर करून मागे उलटतो. शेतात ट्रॅक्टरखाली माणूस असाही मरतो. म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढव, जड बाजू वर, सगळ्यात लहान गिअरमध्ये, क्लच न दाबता. उतरवताना पुढच्या गिअरमध्ये, नाक खाली. फळ्यांची वरची टोकं साखळीने हौद्याला जखडलेली पाहिजेत, नाहीतर मोठं चाक चढताना फळी मागे लाथाडतं. पिकअपचा हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, मागच्या चाकांना लाकडी गुटके. आणि फळ्यांच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. ‘मी ढकलतो’ म्हणणाऱ्याला आधी बाजूला कर, तो कितीही जवळचा असो.

वर गेल्यावर ट्रॅक्टरचं वजन पिकअपच्या मागच्या चाकांच्या किंचित पुढे यायला हवं. सगळं वजन शेपटीला गेलं तर पिकअपचं पुढचं चाक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मग ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक एकत्र अडकव, पार्किंग ब्रेक लाव, गिअर टाक, हायड्रोलिकचे हात पूर्ण खाली कर, डिझेलचा कॉक बंद कर, किल्ली खिशात. बॉनेटची कडी लागली तरी वरून एक दोरी मारून ठेव.

आता पट्टे. इथं घाई केलीस तर आधीचं सगळं फुकट.

नायलॉनचा नाडा गवताच्या भाऱ्याला ठीक आहे. तो ताणतो, पावसात भिजला की आणखी ताणतो, आणि गाठ मारली की त्या गाठीशी त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रॅचेटचा दोन इंची पट्टा घे. चांगल्या पट्ट्याला चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर तुटण्याचा आकडा मोठा छापतात, तू धरण्याचा आकडा बघ, तो बराच लहान असतो. प्रत्येक पट्टा निदान एक टन धरणारा, आणि असे चार. दोन पुढे, दोन मागे, चार कोपऱ्यांकडे. एकच पट्टा सीटवरून आडवा टाकून दोन्हीकडे खेचणारे मी पुष्कळ पाहिले. त्याने ट्रॅक्टर दबतो, अडत नाही. पट्टा तिरका हवा, तळाशी साधारण ४५ अंशांत. उभा पट्टा नुसता दाबतो, अगदी आडवा पट्टा नुसता ओढतो. तिरका दोन्ही करतो. पुढचे दोन पुढे खेचतील, मागचे दोन मागे, म्हणजे ट्रॅक्टर मध्ये ताणलेला राहील.

पट्टा कशाला लावायचा, तिथं सगळ्यात जास्त चुका होतात. हाताला येईल त्यात हूक अडकवतात: टाय रॉडमध्ये, मडगार्डला, सायलेन्सरला, हायड्रोलिकच्या पाइपला. टाय रॉड वाकला की स्टिअरिंग बिघडतं, आणि ते तुला घरी पोहोचल्यावर केळीच्या ओळीत कळतं. पुढे अ‍ॅक्सलच्या बीमला लाव, दोन्ही बाजूंना सारखा ताण देऊन, कारण तो बीम मधोमध एकाच पिनवर झुलतो. मागे अ‍ॅक्सलच्या जाड घराला किंवा ड्रॉबारच्या पक्क्या ब्रॅकेटला. पट्टा लोखंडाच्या कडेवरून जात असेल तर मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाल. पावलोपावली खड्डे असलेल्या रस्त्यावर कडा पट्ट्याला करवतीसारखी कापत नेते.

पट्ट्याचं दुसरं टोकही तितकंच महत्त्वाचं. हौद्याच्या वरच्या काठाला ज्या बारीक कड्या असतात त्या ताडपत्रीसाठी आहेत. त्यांना ट्रॅक्टर बांधलास तर पत्र्यासकट कडी उपटून येईल. खाली तळात, चॅसिसच्या आडव्या पट्टीला धरून वेल्डिंग केलेल्या जाड कड्या हव्यात. गाडीवाल्याकडे नसतील तर दुसरा गाडीवाला बघ. आपल्या यावलमध्ये वेल्डिंगवाले कमी नाहीत, नेहमीचा गाडीवाला असेल तर त्याच्याकडून एकदाच बसवून घे.

रॅचेटच्या रिळावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत, आणि दांडा पूर्ण मिटून सपाट झाला पाहिजे. अर्धवट मिटलेला दांडा हिसक्याने उघडतो. उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नकोस, चाकात जातं.

घट्ट बांधलेला पट्टाही ढिला का पडतो ते बघ. मुंबईच्या चौपाट्यांवर पोलीस चारचाकी बाइकवरून गस्त घालतात ना, तसल्या गाडीला स्प्रिंग असतात. खड्ड्यात स्प्रिंग दबली की पट्टा क्षणभर सैल पडतो आणि हूक निसटतो. म्हणून तिला स्प्रिंग निम्मी दबेपर्यंत ताणतात किंवा चाकांनाच जखडतात. तुझ्या ट्रॅक्टरला स्प्रिंग नाही, पण टायर आहेत. शेतात पकडीसाठी आपण हवा कमी ठेवतो. तसाच चढवलास तर तो रस्ताभर उसळत राहतो आणि पट्टे ढिले होतात. हवा भरून घे, मग बांध.

निघालास की पहिल्या चार-पाच किलोमीटरांत थांब. पट्टे पहिल्यांदा तिथंच बसतात. भुसावळकडे जाताना अंजाळ्याच्या घाटाआधी थांब, उतारावर लागण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर हात मारून बघ. घट्ट पट्टा टणक लागतो. पालच्या बाजूला घाट चढायचा असेल तर वर जाण्याआधी आणि खाली उतरण्याआधी, दोन्ही वेळा. ड्रायव्हर कंटाळेल. कंटाळू दे.

आणि माणसं. ट्रॅक्टर धरायला म्हणून कुणाला हौद्यात उभं करायचं नाही, ट्रॅक्टरच्या सीटवर तर मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात, किनगावजवळ, धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन येणारी गाडी रात्री उलटली. मालावर बसलेले मजूर त्या पपईखाली आणि गाडीखाली सापडले. एका रात्रीत आभोडा-केऱ्हाळ्याकडची कितीतरी घरं उघडी पडली. पपईचं एक फळ हातात घे, किती हलकं असतं ते. तुझ्या गाडीत लोखंड आहे. माणूस केबिनमध्ये बसेल, नाहीतर मागून एसटीने येईल.

पोहोचल्यावर आधी गाडी सपाट जागी लाव, गुटके लाव, फळ्या जखड, ट्रॅक्टरवर माणूस बसव, ब्रेकवर पाय ठेवायला सांग. मगच पट्टे सोड, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत तोंड आणू नकोस. घरी आल्यावर पट्टे साध्या पाण्याने धू, केळीचा चीक काढ, सावलीत वाळव. भुसावळकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. तशा उन्हात हौद्यात पडून राहिलेला पट्टा वरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो. बोटांत चुरडून बघ. कडेला धागे सुटले असतील, कुठं कापल्याची खूण असेल, चिठ्ठी गेली असेल, तर तो कोपऱ्यात ठेवू नकोस. कोयत्याने दोन तुकडे करून टाक, नाहीतर घाईच्या दिवशी घरातलं कुणीतरी नेमका तोच उचलून नेईल.